डांगर पचडीचं पान

राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारी नागलक्ष्मी शाळेतून निवृत्त झाली, तेव्हापासून एक काम मनापासून करत आली होती. तंजावूरच्या मराठी कुटुंबांसाठी एक छोटं मासिक निघे, त्यात ती स्वयंपाकाचं पान लिही. देवनागरीत, काना-मात्रा तपासून. अंक पोस्टाने घरोघर जाई आणि मग सगळं शांत. कुणी वाचतं का, हे विचारायचं धाडस तिला झालं नव्हतं.

एक दिवस संपादक वेंकटराव म्हणाले, "पोंगलपासून छपाई बंद. आता सगळं फोनवरच्या ग्रुपवर."

"मग माझं पान?"

"बोलून पाठवा. लिहिण्याचा त्रास नको."

त्रास, म्हणे. संध्याकाळपर्यंत ती जुने अंक चाळत बसली. शेवटी सून विनुताने फोन तिच्यापुढे धरला. "बोला, अम्मा." नागलक्ष्मीने एक जुना अंक काढून डांगर पचडी वाचली. उडदाचं पीठ दह्यात कालवावं, वरून मोहरी-हिंगाची फोडणी.

विनुताने ते ग्रुपवर टाकलं आणि भात शिजायच्या आत तिरुवैयारूहून मासिकाच्या जुन्या वर्गणीदार राजमचा फोन. "अक्का, उडीद भाजायचं सांगितलंच नाहीत. कच्चं पीठ खाऊन आमचे हे पोट धरून बसतील, आणि नाव तुमचं."

नागलक्ष्मी हसली. मग अंकात पाहिलं. तिथेही भाजणं राहिलं होतं, आणि इतक्या वर्षांत कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं.

"राजम, हे छापून आलं होतं गं. वाचलं नव्हतंस?"

"आमच्यात देवनागरी कुणाला येते, अक्का? शाळेत सगळे तमिळच शिकलो. पण तुमचं प्रत्येक पान देवघरात आहे. आपल्या भाषेतलं, रद्दीत कसं टाकायचं?"

म्हणजे तिची पचडी, तिचं सांबार इतकी वर्षं देवापुढे उदबत्तीचा धूर खात बसलं होतं. तिला हसावं की रडावं कळेना. थोड्या वेळाने तिने वेंकटरावांना फोन लावला.

"एक पान तरी छापाच. मोठ्या अक्षरांत. त्यात असेल तेच मी फोनवर वाचेन."

"दोन्ही कशाला?"

"पान त्यांच्या घरी पोचतं, पण मुकं. आता त्याला आवाज मिळेल."

वेंकटराव कुरकुरत हो म्हणाले.

पोंगलनंतर राजमने व्हिडिओ पाठवला. फोनमधून नागलक्ष्मीचा आवाज येत होता, "उडीद खमंग भाजावेत," आणि राजमची नात हरिता छापील ओळीवरून बोट सरकवत होती. आवाज पुढे गेला, बोट मागे राहिलं. हरिताने आवाज थांबवला, मागे नेला आणि बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला ठेवलं.