अजहरभाईच्या उशाची पऱ्हाटी

नजीर पिंजारी तुमाले भेटला असता तं आधी त्याच्या अंगावरचा कापूसच दिसला असता. मिशीत कापूस, भुवयात कापूस. जानेफळात त्याचं घर आमच्या घराले लागून. फोमच्या गाद्या आल्या अन् त्याचा धंदा बसला, पण माणूस काही बसला नाही. रिकाम्या वेळात गावाबाहेरचं जुनं कब्रस्तान सांभाळे.

तिथं तीन फौजी निजले हायत. लढाईहून जिते परत आले, शेती केली, गावातच मातीआड गेले. दर सव्वीस जानेवारीले नजीरभाऊ त्याईच्या कबरींले चुना लावे, फाटकावर झेंडा लावे अन् कडक सलाम ठोके. त्याले सोताले फौजेत जायचं होतं, पण छाती कमी भरली. "पिंजता पिंजता छातीही पिंजली गेली, वैनी," असं तोच हासत सांगे.

त्या तिघांतला एक अजहरभाई. त्याची बायको बिलकिसभाभी शेगावले लेकीकडं राहे. आमच्या गावात मुसलमानाच्या बाया कब्रस्तानात जात नाहीत, भिंतीबाहेरूनच मेलेल्यासाठी फातेहा पढतात. भिंतीवरून कबर कशी दिसंल? म्हणून तिनं वर्षानुवर्षं टिकणाऱ्या देवकापसाची सरकी देल्ली, नजीरभाऊनं उशाशी पेरली, अन् झाड जपीन असा शब्द देल्ला. भिंतीवर पांढरा शेंडा दिसला का भाभीले नवरा भेटला. देवाच्या वातीसाठी चार बोंडं तो मलेही आणून दे.

मंग बीटी कापूस आला. एका वर्षी आमच्या वावरात लाल्या रोग पडला, पानं लालभडक अन् बोंडं वाळून कोळसा. आमचे मालक, किसनराव, असे पिसाळले का दिसंल ती पऱ्हाटी, दिसंल ते कापसाचं झाड, उपटत सुटले. पंचवीस जानेवारीले नजीरभाऊनं त्याईले कब्रस्तानातलं गवत काढाले नेलं. तो चुना कालवून मागं वळतो, तं मालकाच्या हातात अजहरभाईची पऱ्हाटी, मुळासकट.

"किसन्या, काऊन उपटली बे?"

"पऱ्हाटी दिसली, उपटली," मालक म्हणे.

मले समजलं तवा असा राग आला! म्हटलं, घरची पेरलेली जगवता येत नाही, अन् मेल्या माणसाच्या उशाची उपटून येता?

दर सव्वीस जानेवारीसारखी सकाळी भाभी येणार होती. नजीरभाऊनं झाड परत त्याच खड्ड्यात उभं केलं, माती दाबली. बोंडं समदी गळाली होती. मंग दुकानातला पिंजलेला कापूस आणून दिवस बुडेस्तोवर फांदीफांदीले चिकटवत बसला.

सकाळी भाभी एस्टीनं आली. झेंडा लागला, सलाम झाला. मी तिच्या बाजूलेच उभी. ती भिंतीवरून लय वेळ पाहत राह्यली.

"नजीर, यंदा बोंडं लय भरली रे. बीटी लावली का काय?"

नजीरभाऊ झेंड्याची दोरी परत आवळाले लागला.

"देवकापसाची बोंडं खाली पाहतात. तुयी तं समदी आभाळाकडं पाहून राह्यली."

त्यानं मान खाली घातली. "मायाच्यानं झाड जपणं झालं नाही, भाभी. माया हातून उपटलं." खरा उपटणारा लिंबामागं लपून उभा होता.

भाभीनं त्या लिंबाकडं पाह्यलं, अन् मंग अशी हासली का ओढणीनं डोळे पुसावे लागले. म्हणे, "झाड खोटं असू दे. माणूस तं तिथंच हाय ना?"

"तिथंच हाय, भाभी."

"मंग झालं." अन् तिनं भिंतीबाहेरून सलाम ठोकला, अजहरभाई ठोके तसाच. मले रडू आलं, खोटं काऊन सांगू?

मी पदराची गाठ सोडली. वाती वळताना काढून ठेवलेली त्याच झाडाची सरकी होती. नजीरभाऊनं तवाच पेरली. उन्हाळाभर पाणी कोणी घातलं? आमच्या मालकाईनं. घरच्या तुळशीले कधी तांब्याभर घातलं नाही या माणसानं.

पुढच्या सव्वीस जानेवारीले भाभी आली तवा झाड भिंतीच्या वर गेलं होतं. बोंडं समदी खाली पाहत होती, अन् नजीरभाऊ मान वर करून उभा होता.