ढोकीची पुस्तकं, मॉरिशसचं कपाट

जुन्या पुस्तकांभोवती चार माणसं बसली की पुस्तकांच्या आधी किस्सेच गोळा होतात. पुस्तकं निदान पार्सलातून निघून जातात, किस्से मात्र इथंच साचतात. आता आमच्याकडं जागा उरली नाही, म्हणून थोडे तुम्हाला देते.

आधी माणसं सांगते. मी ढोकीच्या शाळेत ग्रंथपाल होते, आता रिटायर. गुरुजी त्याच शाळेत मराठी शिकवायचे. अण्णांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली, उसाच्या गाड्या तोलण्यात जन्म गेला. चौथे राशिदभाई टेलर. त्यांच्या दुकानामागची खोली हे आमचं ऑफिस.

झालं असं, की मॉरिशसच्या एका शाळेतल्या मराठीच्या बाई तुळजापूरला देवीच्या दर्शनाला आल्या होत्या. मीही दर्शनाला गेले होते, लॉजवर चहा घेताना आमची गाठ पडली. बाई अगदी शुद्ध मराठीत म्हणाल्या, "आमच्याकडे मराठी पुस्तकांचं एक कपाट आहे, पण पुस्तकं अकराच. वर्षअखेरीपर्यंत मुलं वाचताना दिसली नाहीत, तर हेडमास्तर ते कपाट खेळाच्या सामानाला देणार आहेत."

मी म्हटलं, "कपाट हलणार नाही." बोलून बसले खरी. गावात सांगितलं तर चौकातला हॉटेलवाला म्हणाला, "बाई, रद्दी आता परदेशी चालली व्हय?" मी त्याला चांगलं सुनावलं. पण खरं सांगते, तिकडं ही पुस्तकं कुणी उघडून तरी बघेल का, ही धाकधूक आम्हा चौघांनाही होती.

* * *

अण्णा आधी यायलाच तयार नव्हते. "म्या कवा पुस्तक वाचलंय का? मला कशाला वढता?"

गुरुजींनी त्यांना समजावलं, की ह्या मुलांचे खापरपणजोबा आपल्या महाराष्ट्रातूनच बोटीनं गेले होते, तिकडच्या उसाच्या मळ्यांत राबायला.

अण्णा ताडकन उठून बसले. "उसात गेली व्हती? मग आधी सांगायचं न्हाय का, आपलीच माणसं हायेत म्हणून!"

त्या दिवसापासून पार्सल बांधायला अण्णा सगळ्यात आधी हजर.

* * *

पुस्तकं द्या म्हटलं की लोक काय काय आणून देतात! नववीची गाइडं, लग्नपत्रिकांचे गठ्ठे, मिक्सरचं माहितीपत्रक. एक रिटायर्ड तलाठी तर ओळीनं पंधरा वर्षांची पंचांगं घेऊन आले.

गुरुजी नम्रपणे म्हणाले, "रावसाहेब, मागच्या सालातली एकादशी तिकडं कुणी धरायची?"

"अहो, जपून ठेवलेली वस्तू हाय. माझ्या लग्नाचा मुहूर्त यातनंच काढलाय."

"मग तर घरीच ठेवा. पुढं-मागं वाद झाला तर पुरावा लागंल."

तलाठी हसत हसत पंचांगं परत घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी गोष्टींची सहा चांगली पुस्तकं देऊन गेले. आमचे गुरुजी नाही म्हणतात ते असं.

* * *

पोस्टात पार्सल ठरलेल्या वजनाच्या वर गेलं, की घेत नाहीत. आम्हाला त्याची काळजी नाही, कारण आमच्याकडं अण्णा आहेत. गठ्ठा दोन्ही हातांनी उचलतात, डोळे मिटतात आणि आकडा सांगतात.

एकदा पोस्टातल्या मॅडम म्हणाल्या, "काका, वजन जास्त भरतंय. पाव किलो काढा."

अण्णा जागचे हलले नाहीत. "मॅडम, माझ्या हातात ट्रॅक्टर खोटा बोलला न्हाय, पुस्तकं काय बोलत्यात? काट्याकडं वाकून बघा."

मॅडम वाकल्या. काउंटरच्या कडेची छत्री घसरून तिची मूठ काट्यावर टेकली होती. छत्री उचलली आणि आकडा अण्णांच्या आकड्यावर येऊन थांबला. तेव्हापासून मॅडम आधी अण्णांकडं बघतात, मग काट्याकडं.

* * *

आता आमच्या चुकीचा किस्सा. पुस्तकाला कसर लागू नये म्हणून आपण पानांत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवतो. शाळेत मी आयुष्यभर हेच केलं. दुसऱ्या पार्सलात मी मोठ्या मायेनं पुस्तकागणिक पाला घातला.

मॉरिशस म्हणजे बेट. तिथं बाहेरचं पानसुद्धा तपासल्याशिवाय आत घेत नाहीत. कस्टमवाल्यांनी पार्सल अडवलं आणि ईमेलनं विचारलं, ही पानं कसली, कशासाठी?

उत्तर लिहायला गुरुजी बसले. 'कीड लागू नये म्हणून' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण गुरुजींनी दीड पान निबंध लिहिला. दाताला चालतो, खरजेला चालतो, तापावर उतारा आहे, पाडव्याला आम्ही खातोसुद्धा!

एवढे गुण वाचल्यावर त्यांनी पार्सल आणखी महिनाभर ठेवून घेतलं. इकडं वर्षअखेर जवळ येत होती आणि मला घास गोड लागत नव्हता. शेवटी पाला काढून पुस्तकं सोडली, तेव्हा कुठं मी सुटले.

* * *

राशिदभाई पार्सल कापडात शिवतात. टाका असा, की कात्रीलासुद्धा अदब शिकवावी. एकदा पांढरं कापड संपलं, तर त्यांनी कुणाच्या तरी झब्ब्याचं उरलेलं मोरपिशी कापड लावलं. मी कुरकुरले, तर म्हणाले, "बाई, इतक्या लांब चाललंय, जरा नटून जाऊ द्या की."

दोन महिन्यांनी मॉरिशसच्या बाईंनी एक फोटो पाठवला. पार्सलांची सगळी कापडं जोडून मुलांनी कपाटाला पडदा शिवला होता. मधोमध मोरपिशी पट्टी.

राशिदभाईंनी तो फोटो दुकानात लावलाय, बरोबर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. कुणी ब्लाउजला उशीर का म्हणून विचारलं, की त्या फोटोकडं बोट दाखवतात. "एक्स्पोर्टचं काम हाय, ताई."

* * *

आणि हा शेवटचा. वर्ष संपायला पंधरा दिवस उरले होते, तेव्हा बाईंचा मेसेज आला. एका पुस्तकाची शेवटची चार पानंच नाहीत. मुलांनी पाळीपाळीनं मोठ्यानं वाचलं, मुलगा घोडा शोधत चोराच्या वाड्यापर्यंत पोहोचला आणि गोष्ट तिथंच तुटली. आता मुलं रोज विचारतात, घोडा मिळाला का?

म्हणजे वाचतात! मी मेसेज तीनदा वाचून दाखवला. अण्णांनी डोळे पुसले. गुरुजी मात्र शरमेनं लाल झाले, कारण पुस्तकाचं पान न् पान तपासायचं काम त्यांचं. हे पुस्तक येरमाळ्याच्या गयाबाईंनी आणून दिलं होतं. त्यांना अक्षर येत नाही, पण देताना त्यांनी सगळी गोष्ट इतकी रंगवून सांगितली, की गुरुजी ऐकत बसले आणि न तपासताच शिक्का मारला.

दुसरी प्रत सोलापूरपर्यंत शोधली, कुठंच मिळाली नाही. मग शेवट विचारायला आम्ही चौघं एसटीनं येरमाळ्याला गेलो. गयाबाई शेरडांना पाला टाकत होत्या. म्हणाल्या, "त्यात काय एवढं? लावा की फोन. शेवट मला पाठ हाय."

व्हिडिओ कॉल लागला. तिकडं वर्गभर मुलं, मागच्या बाकावर हेडमास्तर. इकडं गयाबाई पदर सारखा करून बसल्या. "तर बाळांनो, घोडा सोडला कुणी? चोराच्या आईनं. कोणची वस्तू आपल्या घरची न्हाय, हे आईला बराबर कळतं. तिनं दावं सोडलं आन् म्हणली, जा बाबा, तुझा धनी दारात हुबा हाय."

बाई मधे मधे सोपं करून सांगत होत्या, पण मुलं बाईंकडं बघतच नव्हती. गोष्ट संपल्यावर हेडमास्तर उठले आणि काहीतरी बोलले. बाईंनी रडत रडत आम्हाला मराठीत सांगितलं, "कपाट राहणार. अजून एक देणार म्हणतात." त्या दिवशी एसटीतून परत येताना आमच्या चौघांच्याही छात्या फुगलेल्या होत्या, उगाच नाही कशाला म्हणू? मुलांनी तो शेवट कागदावर लिहून पुस्तकात चिकटवला, त्याचाही फोटो आला.

आठवड्यानं गयाबाईंचा मुलगा दुकानात आला. कळंबला नोकरीला असतो. म्हणाला, "गुरुजी, तुमचा गैरसमज झालाय. ते पुस्तक बाजारातनं आणलं तवाच त्याला शेवट नव्हता. मी लहान होतो, रडाय लागलो, तर आईनं सांगितला. पुढं दर बारीला निराळा सांगायची."

 तेवढ्यात माझा फोन वाजला. बाईंचा मेसेज होता, मुलं ह्या गोष्टीचा दुसरा भाग मागतायत.

मी येरमाळ्याला फोन लावून गयाबाईंना विचारलं, काय कळवू?

पलीकडं शेरडं ओरडत होती, त्यांना आधी दटावलं. मग गयाबाई म्हणाल्या, "मंगळवारी लावा म्हणावं. शोधून ठिवते."