बोली पाहिजे, तोंड नको

‘‘तुमचा आवाज नकोय, बाई. तुमचं ते ‘वं’ कसं येतं, तेवढं मॅडमना दाखवा.’’

दिग्दर्शक सर मला सांगत होते. चंद्रपूरचा स्टुडिओ. काचेच्या अलीकडे मला खुर्ची दिली होती. पलीकडे पुण्याहून आलेल्या एक मॅडम माईकसमोर उभ्या. कानाला हेडफोन. त्यात माझाच आवाज, मी आधी देऊन गेलेली ट्रायल. त्या एक वाक्य ऐकायच्या, थांबायच्या, तसंच म्हणायला बघायच्या. जमत नव्हतं. म्हणून मला माझ्या गावाहून, सावलीहून, बोलावलं होतं.

मी मात्र घरी सांगून निघाले होते की आज माझं रेकॉर्डिंग आहे. पहिली जाहिरात. नवी साडी नेसले होते. ‘‘आवाजाले साडी कायले लागते वं?’’ माय म्हणाली होती.

मी बाजारात वाढले. मायसोबत बांगड्या विकल्या. गर्दीतली बाई नुसत्या ओरडण्याने वळत नाही. आपल्यालाच हाक मारली असं तिला वाटावं लागतं. ते मी तिथे शिकले. मग ऑटोवर भोंगा लावून नाटकांच्या जाहिराती करत गावोगाव फिरले. धूळ खाल्ली, घसा बसला, पुन्हा फिरले. स्टुडिओवाल्या भाऊंनी असंच रस्त्यात ऐकलं. म्हणाले, ‘‘चायपत्तीची जाहिरात आहे. आपल्याच भागासाठी, आपल्याच बोलीत. ट्रायल देऊन जा.’’

वाक्य एवढंच होतं : ‘‘ये ना वं बाई. बस. चाय पिऊन जा.’’

आमच्या मोहल्ल्यावरून वरच्या आळीतली बाई गेली की माय दारातून हेच म्हणायची. ‘‘आताच पेऊन आली वं,’’ असं उत्तर यायचं. पाय न थांबवता. आमच्या घरचा चहा त्यांना चालत नव्हता, एवढंच. मी लहानपणी विचारलं होतं, ‘‘थे येत नाई, त काऊन बलावतेस?’’ माय म्हणाली, ‘‘आपून बलावलं पाह्यजे.’’ तिच्या हाकेतला ‘ये’ उंच निघायचा आणि ‘चाय’पर्यंत खाली बसायचा. तोवर ती बाई पुढे गेलेली असायची ना.

ट्रायल देताना माझ्या तोंडून तीच हाक निघाली. पुण्याचे दिग्दर्शक सर फोनवर ऐकत होते. म्हणाले, ‘‘या हाकेत काहीतरी आहे.’’

आता तेच सर समोर बसून सांगत होते, ‘‘बोली तुमचीच हवी. फक्त कंपनीला आवाज जरा स्वच्छ हवाय.’’

स्वच्छ. माणूस वाईट नव्हता. मला पाण्याचा ग्लास त्यांनीच आणून दिला. हसून बोलत होते. आपण काय बोललो हे त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

मी भाव करणारी बाई. लगेच उठत नाही. म्हटलं, ‘‘दोघींचे आवाज घ्या. नाव सांगू नका. कंपनीले दोन्ही ऐकवा.’’

‘‘निर्णय झालाय.’’

‘‘मंग बलावणारी ह्या मॅडम. येणारी मी.’’

‘‘येणारीला वाक्य नाहीये हो.’’

भाऊ मध्ये पडले. ‘‘काऊन डोकं गरम करून राह्यल्या, बाई? चार खेपा बोलून दाखवा न् मोकळ्या व्हा. पुढं काम लागन तुमाले.’’

मॅडमनी हेडफोन काढला. ‘‘ताई, प्लीज. मला फक्त तो सूर पकडायचाय.’’

तिथे माझं डोकं फिरलं.

‘‘थो सूर माह्या मायचा आहे. तिच्या हातचा चाय कोनी पेला नाई, म्हणून थो तसा झाला. थो मी तुमाले शिकवत नाई. भाऊ, माही ट्रायल पुसा.’’

सर म्हणाले, ट्रायल स्टुडिओची असते. मी उठले, आतल्या खोलीत गेले आणि मॅडमच्या बाजूला माईकसमोर उभी राहिले. ‘‘पुसल्याबिगर हटत नाई गा.’’ कोणी मला हात लावला नाही. त्यांचा वेळ जात होता. शेवटी भाऊंनी पुसली. काचेतून मला कॉम्प्युटरचा रिकामा पडदा दाखवला. दुसरीकडे कुठेतरी ती असणारच, एवढं मला कळतं. तरी पुसायला लावली.

जाहिरात आली. सावलीच्या बाजारात एका ऑटोवर वाजत होती. मॅडमनी जमवलं होतं, बऱ्यापैकी. कोणाला काही खटकलं नाही. पुडे खपून राहिले आहेत. माय म्हणाली, ‘‘चार शब्द सांगून देल्ले असते त तोंड झिजलं असतं का तुहं?’’ भाऊंनी पुन्हा बोलावलं नाही. भोंगा तोच, धूळ तीच, आणि घसा आता लवकर दुखतो.

अधूनमधून नागपूरहून फोन येतो. अस्सल बोली हवी आहे म्हणतात, मोबाइलवर ट्रायल पाठवा म्हणतात. मी आधी एकच विचारते : शेवटी माईकसमोर कोण उभं राहणार? ‘‘बघू,’’ असं आलं की फोन ठेवते. आजवर सगळ्यांचं ‘बघू’च आलं आहे.

येऊ दे. बोली आणि तोंड मी वेगवेगळं विकणार नाही.