पाच लग्नं फिरलेली साडी

वीस एप्रिल. पुढच्या आठवड्यात पुतण्याचं लग्न होतं, म्हणून दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि आहेराच्या साड्यांचं कपाट उपसलं. पलंगावर ढीग पडला. असा ढीग समोर आला की मला एकच माणूस आठवतं. माझं ठाम मत आहे की नगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतली सगळी डोकी एका पारड्यात घातली आणि माझ्या नणंदेच्या सासूबाईंचं डोकं दुसऱ्या पारड्यात, तर सासूबाईंचंच पारडं जमिनीला टेकेल. गावभर त्यांना आत्याबाई म्हणतात. कुणाच्या आत्या, हे कुणी विचारत नाही.

आहेराची साडी नेसायची नसते, फिरवायची असते. आपल्याला आलेली घडी न मोडता कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात हळदीकुंकू लावून दुसरीच्या हातात पडते. याला कुणी फसवणूक म्हणत नाही, कारण समोरचीही तेच करते. नियम एवढाच, की फिरत फिरत ती मूळ देणारीकडे जाता कामा नये. गेली, की दोन घरांचं बोलणं बंद. आत्याबाई म्हणायच्या, "साडी कुटंबी नांदू दे, पन माहेरी परत न्हाई आली पायजे." आणि कुठल्या साडीचं माहेर कुठलं, हे फक्त त्यांना माहीत असायचं. लग्नसराई आली की बायका पिशव्या घेऊन त्यांच्या ओट्यावर रांग लावायच्या. आत्याबाई साडीकडे धड बघतही नसत. काठ चिमटीत धरायचा, जरा चोळायचा, की साडीची कुंडली बाहेर. एकदा मी वांगी रंगाची एक पुढे केली. "ही व्हय! ही निघाली शेवगावातनं. मंग श्रीगोंदं, मंग पारनेर, मंग राहुरीच्या त्या लग्नात जिथं रस्सा सपला आन नवरदेवाचा मामा उपाशी गेला, आन तिथनं कोपरगाव. पाच लग्नं फिरली गं, पन अंगाला एकदा लागली न्हाई बिचारी." मी खातरजमा करायला फोन लावले. सगळं बरोबर निघालं. मामा खरंच उपाशी गेला होता.

सुप्याला आमचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे आणि हिशेबाला मी बसते. माणसाच्या डोक्यावर विसंबणं मला मानवत नाही. एका वर्षी मी प्रत्येक साडीला चिठ्ठी टाचली. आत्याबाईंनी ती बघितली आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "आगं दुकानवाले, चिठ्ठी उंदरानं खाल्ली मंग? माजं डोस्कं उंदराला गावत न्हाई." त्या वर्षी उंदरानं खरंच चिठ्ठ्या खाल्ल्या, साड्यांना तोंडसुद्धा लावलं नाही. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर व्यवस्थेबद्दल बोलणं सोडलं.

या डोक्याचा एकच दोष होता, तो म्हणजे ते कधी दुखत नसे. सगळा घोटाळा त्यातूनच झाला. बऱ्याच वर्षांपूर्वी गावात तपासणीचं शिबिर आलं होतं, तेव्हा दंडाला पट्टा बांधून त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं आणि तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मोजलं. रोज एक गोळी, जन्मभर, असं सांगितलं. आत्याबाईंनी गोळ्या घेतल्या आणि डब्यात ठेवल्या. "दुखत न्हाई, खुपत न्हाई, चक्कर न्हाई. मंग गोळी कशाला? गोळीला काम नको का?" गोळीला काम मिळावं म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी त्या एक घ्यायच्या, कारण लग्नात धावपळ असते. उरलेल्या गोळ्या त्या आहेरासारख्या वाटायच्या. शेजारणीचं डोकं दुखलं, की "ही घे, शहरातल्या डॉक्टरची हाय." ती शेजारीण गोळी घेऊन दिवसभर गरगरत अंथरुणात पडली, तर आत्याबाई म्हणाल्या, "बग, किती गाढ झोप लागली." मिठाचं तर विचारूच नका. पेरूला मीठ, काकडीला मीठ, ताकात मीठ, लोणच्याच्या फोडीला वरून मीठ. जेवण म्हणजे मिठाला तोंडी लावायची वस्तू. नणंद ओरडायची. त्या म्हणायच्या, "अळणी मानसाला कोन ईचारतं?"

यंदाच्या थंडीत भाचीचा, म्हणजे नणंदेच्या मुलीचा, साखरपुडा झाला; मुलाकडचे जुन्या ओळखीतलेच. विहीणबाईंसाठी आत्याबाईंनी स्वतः माझ्या साड्यांतून एक शेवाळी साडी काढून दिली. "डोळे झाकून दे." मी दिली. विहीणबाईंनी हॉलमध्ये सगळ्यांसमोर घडी उलटली, काठावरच्या हळदीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही तर आमच्या पोरीच्या लग्नात मीच तुम्हाला दिलेली." पंगत वाढणारेसुद्धा थांबले. लग्न तिथल्या तिथे मोडायला एवढं पुरे होतं. तेवढ्यात आत्याबाई उठल्या आणि टाळी वाजवून म्हणाल्या, "वळखली! मी म्हनलं हुतं का न्हाई, विहीनबाईंची नजर एक नंबर हाय? पास झाल्या. आता ही घ्या खरी." आणि त्यांनी माझ्या पिशवीतून पैठणी काढली. माझी. नेसायला आणलेली. हॉल हसला, विहीणबाई हसल्या, लग्न वाचलं. त्या बाईपुढे माणसानं हात जोडावेत, असं मला मनापासून वाटलं. पैठणी गेली त्याचंसुद्धा काही वाटलं नाही.

परतीच्या गाडीत आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या. नगर मागं पडल्यावर माझ्या कानाशी आल्या. "शेवाळी साडीवाल्या त्या बाई कोन गं? वळखीच्या वाटत हुत्या." मला वाटलं, थट्टा करताहेत. मी तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती. चुकलेली साडी त्यांनी हुशारीनं सावरली होती, पण ज्या बाईसमोर सावरली ती बाईच त्यांच्या डोक्यात नव्हती.

मग एकेक आठवायला लागलं. चहात साखर टाकली की नाही हे विचारणं. स्वयंपाकाची सुरुवात करून मधेच उभं राहणं. ओट्यावरच्या रांगेला अलीकडे लागणारा वेळ. आम्ही सगळ्यांनी ते वयावर घातलं होतं. आता मात्र मी ते वयावर सोडलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्यांना नगरला नेलं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर वयानं माझ्या मुलीएवढी होती, पण बोलायला सरळ. पडद्यावर मेंदूच्या आत पांढरे ठिपके होते, कुठे कुठे एकमेकांना चिकटून गेलेले. "मेंदूत खोलवर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं रक्ताचा दाब जास्त राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, कडक होतात, आतली वाट अरुंद होते. काही बंदच पडतात. दुखत नाही, कळतही नाही. पण त्या भागाला रक्त पुरत नाही, आणि मग आठवायला, विचार जुळवायला वेळ लागतो."

हे मला दुकानातल्या भाषेत लगेच कळलं. मोटारीचा दाब सांभाळला नाही तर मोठा पाइप टिकून राहतो, मार बसतो तो शेवटच्या बारीक नळ्यांना. वरून सगळं ठीक दिसतं आणि कडेची झाडं वाळत जातात. मी ते आत्याबाईंना तसंच सांगितलं. त्या पडद्याजवळ सरकल्या आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं. ते स्वतःचं डोकं आहे हे कळून माणूस घाबरेल, रडेल. त्या म्हणाल्या, "म्हंजी गावलं म्हन की उंदराला."

डॉक्टरला काही कळलं नाही. मी खिडकीबाहेर बघितलं.

"वाळली ती झाडं परत येत्याल का, बाई?" त्यांनी विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही, आजी. पण राहिलेली जपायची. रोज गोळी, मीठ कमी, रोज चालणं."

"राहिली किती?"

"बरीच आहेत."

"मंग आन ती गोळी."

दुसऱ्या कुणाला पटवायला मला वर्ष लागलं असतं. त्यांनी तिथल्या तिथे पदराला गाठ मारली. घरी पहिल्या दिवशी कमी मिठाचं पिठलं पुढं आलं, तेव्हा मात्र ताट लांब सारलं. "हे पिठलं हाय का भिंतीचा गिलावा?" मग ताट परत ओढलं आणि सगळं संपवलं. अडचण एकच होती. आठवण राहावी म्हणून जी गोळी घ्यायची, ती घ्यायची आठवण राहत नव्हती. पदराची गाठ कशासाठी, हेही विसरायच्या. नणंद सकाळी लवकर एमआयडीसीतल्या कंपनीत जाते. त्यांचं घर आमच्या दुकानामागच्या गल्लीत. सकाळची गोळी माझ्याकडे आली.

तर वीस एप्रिलला दुपारी मी सगळा ढीग पिशव्यांत भरला आणि त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. त्यांनी काठ चिमटीत धरला. "ही माज्या धाकट्या बहिनीची." बरोबर. "ही तुज्या सासूच्या माहेरची." बरोबर. जुन्या साड्या भराभर निघाल्या आणि मला वाटलं, सगळं जाग्यावर आहे. मग वांगी साडी आली; ती मी अजून पुढे फिरवली नव्हती. त्यांनी काठ चोळला. परत चोळला. घडीची दुसरी बाजू बघितली.

"ही कुनाची गं?"

मी सांगितलं. शेवगाव, श्रीगोंदं, पारनेर, राहुरी, संपलेला रस्सा, उपाशी मामा, कोपरगाव. परक्या माणसाची गोष्ट ऐकावी तशा त्या ऐकत होत्या. मामाला खळखळून हसल्या, पहिल्यांदाच ऐकावं तसं.

"आन नेसली कुनी?"

"कुणीच नाही."

त्यांनी साडीवरून हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा. "बिचारी," त्या म्हणाल्या. "लई फिरवली आपन हिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वांगी साडीची घडी मोडली. फॉल नव्हता, पिको नव्हतं, ब्लाऊज काळा होता. तशीच नेसले आणि दुकानाची किल्ली घेऊन गल्लीत गेले. आत्याबाई ओट्यावर होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"नवी व्हय? कुनी दिली?"

"तुम्ही."

त्यांनी माझ्या पदराचा काठ चिमटीत धरला, चोळला. "माजी निवड कधी चुकती का?" म्हणाल्या. मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला. गोळी त्यांनी गिळली, पण काठ काही सोडला नाही. मग मी तिथंच बसले. दुकान त्या दिवशी उशिरा उघडलं.