विहिरीतल्या साळुंक्यांचं वय

हे लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. सबब गुडघेदुखीची होती, जणू पेन गुडघ्यात धरतात.

वरवट बकालला माझ्या शेजाऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीत साळुंक्या घरटी करत. तो दोराने खाली उतरून पिल्लांच्या पायात क्रमांकाच्या कड्या घालायचा. मी, निवृत्त विज्ञानशिक्षक, काठावर बसून वहीत क्रमांक आणि तारीख लिहायचो. गावात पक्षितज्ज्ञ म्हणून नाव मात्र माझं. एका उन्हाळ्यात तो लेकीकडे गेला. मी विहिरीत डोकावलो आणि माझं पक्षिप्रेम जागीच आटलं. मग मळ्यात जाळं लावून पाच मोठ्या साळुंक्या धरल्या, कड्या अडकवल्या आणि वहीत लिहिलं, 'विहिरीतली पिल्लं'.

पुढे विद्यापीठातली एक संशोधक मुलगी आली. पाखराच्या पंखाखालून रक्ताचा थेंब घ्यायचा, डीएनएवरच्या वयानुसार बदलणाऱ्या खुणा वाचायच्या आणि त्यावरून रानपाखराचं वय काढायचं, हे तिचं काम. पण ही मोजपट्टी आधी जन्मवर्ष पक्कं ठाऊक असलेल्या पाखरांवर पारखून घ्यावी लागते. त्यासाठी तिला माझी वही हवी होती. मी ती नवं कव्हर घालून दिली. शेजाऱ्याला तिने पाखरं धरायच्या कामावर घेतलं. तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून जाऊ लागला.

काही महिन्यांनी ती वही घेऊन परत आली. दोन साळुंक्या नोंदीपेक्षा बऱ्याच म्हाताऱ्या निघत होत्या. कड्या कोण घालायचं, असं तिने विचारलं.

"विहिरीत तोच उतरायचा," मी म्हणालो आणि तिथेच थांबलो.

तिने त्याला कामावरून कमी केलं. संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला.

"मास्तर, पिल्लू कोणतं अन् मोठं पाखरू कोणतं, मले समजत नाही काय?"

मशीनही चुकतं, असं मी विज्ञानाच्या आवाजात सांगितलं.

"मंग तिले सांगा ना तुमी. तुमचं ऐकते ते."

हो म्हणालो. सांगितलं नाही.

नंतर खरं सांगायला तीनदा त्याच्या मळ्यात गेलो. तीनही वेळा वांग्यांची चौकशी करून पिशवीभर वांगी घेऊन आलो. चौथ्यांदा जाण्याआधीच तो वारला.

त्या मुलीला मी आता सगळं लिहून कळवलं आहे. त्याच्यासाठी पाठ केलेलं वाक्य मात्र तसंच राहिलं: भाऊ, त्या साली तुमी गावात नव्हते, त्या कड्या म्या घातल्या, मले माफ करा.