हूक कुणी काढला

मी नाईक शमुवेल लोंढे, रिटायर्ड. राहणार मलकापूर, कराडला लागून. सतरा वर्षं मराठा पलटणीत काढली आणि नाईक म्हणूनच घरी आलो. माझ्याबरोबर भरती झालेले सुभेदार होऊन आले. लोक विचारतात, "लोंढे, तुमचं प्रमोशन कुठं अडकलं हो?" तर ऐका.

पोस्टिंग ग्लेशियरवर होतं. उंची एकोणीस हजार फूट. पोस्टवर आम्ही नऊ जण. सातला चहा, मग स्टोव्हवर बर्फ वितळवून दिवसभराचं पाणी करायचं. एक दिवसाआड लिंक पेट्रोल, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंत चालत जाऊन परत यायचं. काम एवढंच, पण तिथं बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते.

आमच्यात मी एकटाच ख्रिश्चन. जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करायचो, म्हणून सगळे मला पाद्री म्हणायचे. खाली पलटणीत मंदिर परेडला मीही सगळ्यांबरोबर उभा राहायचो आणि मनात आपली प्रार्थना म्हणायचो. कुणी कधी वावगं बोललं नाही. चेष्टा मात्र भरपूर. प्रार्थना जरा लांबली की शिपाई संपत ओरडायचा, "पाद्री, आवर रं! देवाला बी भुका लागल्यात!"

संपत आष्ट्याचा. कबड्डीत वाघ, पण लय लाजाळू. बराकीत सगळे एका नळावर अंघोळ करायचे, तर हा पहाटे उठून सगळ्यांच्या आधी उरकून घ्यायचा.

पेट्रोलवर पाच जण एकाच रोपला जोडलेले असतात. प्रत्येकाच्या कमरेच्या पट्ट्याचा हूक रोपमध्ये अडकवलेला. बर्फाखाली खोल भेगा असतात, वरून काही दिसत नाही. एक आत गेला तर बाकीच्या चौघांनी धरायचा. म्हणून हुकूम एकच, पोस्ट गाठेपर्यंत हूक काढायचा नाही. लघवीलासुद्धा नाही. ज्याला लागली तो जागेवर उभा राहणार आणि बाकीचे पाठ फिरवणार, ही आमची रीत.

त्या दिवशी पेट्रोल कमांडर मी होतो. सकाळी सात चाळीसला मागून संपतचा आवाज आला.

"पाद्री, थांब गड्या."

थांबलो. तिघांनी पाठ फिरवली. मीही फिरवली. बराच वेळ झाला.

"झालं का?"

"न्हाई व्हत रं. तुमी सगळी हितं असल्यावर कसं व्हनार? दोन पावलं त्या ढिगामागं जातू."

"जागेवर कर."

"तुझ्या पाया पडतो, शमू."

मला हसू आलं. आणि दयाही आली. त्याची बोटं गारठली होती, जाड हातमोज्यात हूक सुटत नव्हता. मी माझ्या हातानं त्याचा हूक काढला. "जा, लगेच ये."

पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. खालचा बर्फ बसला आणि माणूस दिसेनासा झाला.

मी रेडिओ उचलला आणि पोस्टला हाक दिली.

"टायगर, दिस इज टू. एक जवान भेगेत. ओव्हर."

"टू, नाव सांगा. ओव्हर."

"शिपाई संपत माळी. ओव्हर."

"रेस्क्यू निघतंय. ओव्हर."

वाट बघणं शक्य नव्हतं. तिघांनी मला रोपनं खाली सोडलं. चाळीसेक फुटांवर तो दोन भिंतींत अडकला होता. जिवंत होता. म्हणाला, "पाद्री, पाय कळंना झालंत." पुढं काही बोलला नाही. आठ पंचवीसला वर काढला तेव्हा श्वास नव्हता. मी छाती दाबत राहिलो. शेवटी रेस्क्यूबरोबर आलेल्या डॉक्टरनं माझे दोन्ही हात धरले आणि मला बाजूला केलं.

बारा दिवसांनी खाली बेसवर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे चौकशी लागली. तिघांच्या साक्षी आधी झाल्या. तिघंही म्हणाले, आम्ही पाठ फिरवली होती, हूक संपतनंच काढला असणार. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. माझ्याशिवाय खरं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमचे सुभेदारसाहेब लोणंदचे. देवमाणूस. आदल्या दिवशी चहाला बोलावून त्यांनी मला थेट विचारलं, "हूक तू काढलास ना?" मी मान खाली घातली.

"तू बी पाठ फिरवली व्हतीस, एवढंच सांग. खोटं हाय का त्यात?"

"नाही, साब."

"मग झालं तर. गेलेला काय परत यायचा न्हाई. तू कशाला मरतूस?"

तंबूत येऊन मी गुडघे टेकले आणि म्हणालो, प्रभू, मला गप्प बसायचं बळ दे. अशी प्रार्थना! आमेन म्हणायला गेलो तर शब्दच फुटेना. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते, मलमपट्टी करायचे. ते म्हणायचे, "चर्चमध्ये खरं बोलायला काय लागतंय शमू? तिथं कुणी विचारतच न्हाई." ते आठवलं आणि लाज वाटली. भीती गेली नव्हती, ती दुसऱ्या दिवशीही होती.

शपथेसाठी बायबल हवं होतं. पलटणीच्या पंडितजींनी पेटीतून काढून आणलं, लाल फडक्यात बांधलेलं. फडकं सोडलं तर बायबलवर हळदकुंकू. दसऱ्याला शस्त्रांची आणि ग्रंथांची पूजा करताना त्यांनी माझ्याही ग्रंथाला लावलं होतं. पंडितजी ओशाळले. "चूक झाली काय, लोंढे?" मी म्हणालो, "नाही, पंडितजी." आणि त्या कुंकवावरच हात ठेवला.

मेजरसाहेबांनी विचारलं, "हूक कुणी काढला?"

"मी काढला, सर."

त्यांनी पेन खाली ठेवला. "विचार करून बोल."

"केलाय, सर. हुकूम ठाऊक असताना मी काढला. संपतनं नाही."

सिव्हिअर रेप्रिमांड मिळाली, म्हणजे रेकॉर्डवर कडक ठपका. हवालदारकी तोंडाशी आली होती, ती गेली. सुभेदारसाहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या जेवणघरात, शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "प्रार्थना कर. मग जेवू."

पहिल्या सुट्टीत मी मलकापूरला नुसती बॅग टाकली आणि आष्टा गाठलं. माझ्या आधी गावात बातमी पोचली होती, चौकशीच्या आधीचीच, की संपतनं हुकूम मोडला, आपल्याच चुकीनं गेला. त्याची आई हौसाआई सहा महिने उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. त्याच्या लाजेचंही सांगितलं.

ती म्हणाली, "ल्हानपणी बी तसंच. म्या पदराचा आडोसा धरायची, तवा बसायचा." आणि मोठ्यानं रडली. मीही रडलो. मला वाटलं, आता घराबाहेर काढील. ती म्हणाली, "उठ. हातपाय धू. जेवून जा."

आता हौसाआई ऐंशीच्या पुढं गेलीय. वार विसरते, जेवलेलं विसरते. दर वर्षी संपतच्या दिवशी मी एसटीनं आष्ट्याला जातो. फोटोला हार असतो, नैवेद्य असतो. मी डोळे मिटतो, तेव्हा ती ताटाला हात न लावता थांबते. माझं आमेन झालं की हटकून विचारते, "हूक कुणी काढला व्हता रं?"

यंदा संपतचा थोरला भाऊ वैतागला. "शमूदादा, दरसाल कशापायी सांगताय? तिला कुठं ध्यानात ऱ्हातंय? सांगा कायबी."

मी घास खाली ठेवला. सोपं कधीच जात नाही.

"म्या काढला, आई."

"व्हय?" ती फोटोकडं वळली. "ऐकलं का? माझा संपत हुकूम मोडनारा न्हवताच."

मग माझ्या ताटात तिनं आणखी एक पोळी वाढली.