ही म्हणजे तो

दहावीला इंग्रजीत नापास झालो आणि दिघाशी गावाहून कामतघरला कापडाच्या लूमवर कामाला लागलो. परीक्षा पुन्हा द्यायची होती, म्हणून पुस्तक सोबत होतं. त्यात इंग्रजी 'ही'चा अर्थ होता: तो, ज्याच्याविषयी आपण बोलतोय तो.

माझ्या खोलीतही असा एक 'तो' होता. गादी एकच, रात्री मी झोपायचो, दिवसा रात्रपाळीवाला. त्याचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. सकाळी मी गुंडाळून ठेवलेली गादी संध्याकाळी पसरलेली असायची, त्याच्या अंगाने गरम. 'ही इज लेझी,' असं मी रागाने वहीत लिहिलं.

एका सकाळी डोकंच फिरलं. मीही गादी तशीच पसरून निघालो आणि खोलीवाल्या चाचांना म्हणालो, "त्याला सांगा, गादी गुंडाळून जात जा म्हणावं."

"किसको?" चाचा म्हणाले. "वो तो महिनाभर पहले मुलुक चला गया. दिन में तेरी खोली बंद रहती है."

संध्याकाळी कुलूप मीच उघडलं. गादी नीट गुंडाळून भिंतीला लावलेली होती. आत हात घातला, तर गरम.

मी वही काढून 'लेझी' खोडलं. 'ही इज' तेवढं उरलं. तो आहे.